कोल्हापूर कुठं संपतं?

पुण्याहून रात्री निघालेली एसटी पहाटे शिरोलीजवळ पंचगंगेचा पूल ओलांडते, तेव्हा कंडक्टर आतले दिवे लावतो आणि ओरडतो, "तावडे हॉटेल!" निम्मी गाडी उठते. वरच्या फळीवरच्या पिशव्या खाली येतात, फोन लागतात, "आलो बघ कोल्हापुरात." गांधीनगरचा व्यापारी इथंच उतरून रिक्षा बघतो. मागच्या बाकावरचा रंकाळ्याकडचा माणूस काचेतून एकदा बाहेर बघतो आणि परत डोळे मिटतो. त्याच्या लेखी कोल्हापूर यायला अजून पंधरा मिनिटं आहेत. गारगोटीला जाणाऱ्यासाठी तर कोल्हापूर म्हणजे स्टँडवर चहा पिऊन गाडी बदलायची जागा. एकाच गाडीतल्या तिघांचं कोल्हापूर तीन ठिकाणी सुरू होतं आणि तिघांपैकी एकाचंही चुकलेलं नसतं.

शाळेत आपण शिकलो तो भूगोल असल्या घोळात पडत नाही. तिथं गाव म्हणजे नकाशावरचा ठिपका आणि जिल्हा म्हणजे पेन्सिलीनं गिरवलेली हद्द. पीक, पाऊस, खनिजं पाठ केली की झालं. मानवी भूगोलाला मात्र असल्या घोळातच रस असतो. जर्मनीत फ्रीडरिश रात्सेल यांनी १८८२मध्ये या विषयावरच्या ग्रंथाचा पहिला खंड काढला. तेव्हापासून ही शाखा एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारत आली आहे. माणसं तिथंच का राहतात, तिथून कुठं जातात आणि जाताना बरोबर काय नेतात? तिची पारिभाषिक नावं जड आहेत. कोल्हापूरच्या माणसाला त्यातलं बरंचसं नावाशिवाय आधीच ठाऊक असतं.

गावाचं नाव सांगण्याची आपली रीतच बघा. लालबागला कुणी विचारलं, तर आजऱ्याकडचा माणूस "कोल्हापूर" म्हणतो. कोल्हापुरात विचारलं तर "आजरा". आजऱ्यात विचारलं तर आपल्या वाडीचं नाव सांगतो आणि वाडीत विचारणारा भेटलाच, तर आधी गल्ली आणि मग भावकी निघते. भूगोलात याला प्रमाण म्हणतात. तुम्ही किती उंचावरून बघता, त्यावर काय दिसणार हे ठरतं. विमानातून बघितलं तर सगळा जिल्हा हिरवा, उसाचा आणि सुखवस्तू दिसतो. दुचाकीवरून गेलात तर त्याच जिल्ह्यात शाहूवाडीतली उतारावरची नाचणी दिसते आणि तिथली पोरं मुंबईला का गेली तेही कळतं. आकडा जिल्ह्याचा घ्यायचा की तालुक्याचा, यावरून सरकारी योजना इकडच्या तिकडं होतात. म्हणून कुणी "कोल्हापूर श्रीमंत आहे" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठलं? गंमत म्हणजे जिल्ह्याच्या बारा तालुक्यांत 'कोल्हापूर' नावाचा तालुकाच नाही. शहर ज्यात येतं, त्या तालुक्याचं नाव करवीर.

हे शहर इथंच का वसलं, याची दोन उत्तरं आहेत. पहिलं साधं आहे. १६ अंश ४२ मिनिटं उत्तर अक्षांश, ७४ अंश १४ मिनिटं पूर्व रेखांश, पंचगंगेचा काठ, पुरात बुडणार नाही एवढी उंच टेकडी आणि सभोवती काळी-तांबडी जमीन. ही झाली जागा. दुसरं उत्तर शेजाऱ्यांकडं बघून द्यावं लागतं आणि ते जास्त चविष्ट आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५-४६मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. याच ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तूंमध्ये काशाची एक छोटी मूर्ती आहे, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. टाउन हॉलच्या संग्रहालयात ती बघायला मिळते. समुद्र घाटाखाली, आणि समुद्राचा परदेशी देव घाटमाथ्याच्या आत नदीकाठी. तो इथवर आला कसा? सातवाहन काळात कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून देशावर यायचा आणि देशावरचा माल खाली उतरायचा. आंबा घाट, करूळ आणि भुईबावडा, फोंडा, आंबोली या वाटा देशावर येऊन जिथं एकमेकींच्या जवळ येतात, तिथं एखादी पेठ उभी राहणारच. भूगोलाच्या भाषेत ही सापेक्ष स्थिती, म्हणजे इतरांच्या संदर्भात आपण कुठं आहोत ते. पोसायडनच्या वेळी ही स्थिती आपल्याला अनुकूल होती एवढंच.

जागा हलत नाही, स्थिती मात्र बदलत राहते. १८९१मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि शहराचा तोंडवळाच पूर्वेकडं वळला. १८९५मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथं रुजवला. गूळ जड, ओलाव्याला नाजूक आणि पावसाळ्याआधी लांब पोचवायचा असतो. त्याला रेल्वेचा धक्का जवळ हवाच. पण रूळ कोल्हापुरात येऊन संपले ते संपलेच. घाटाखाली उतरणारी रेल्वे कागदावर कितीदा आली आणि गेली, त्याची मोजदाद नाही. त्यामुळे जंक्शन झालं मिरजेचं. कोल्हापूरला आजही रेल्वेनं यायचं म्हणजे शेवटच्या स्टेशनात उतरायचं.

आता पावसाकडं वळू. कोल्हापूर जिल्हा समजून घ्यायचा तर पश्चिमेकडून पूर्वेकडं एक दिवस प्रवास करावा, शक्यतो जुलैत. गगनबावड्याला वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जातो. तिथल्या घरांना झड आत येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी बाहेरून झापं लावायची चाल होती. साधारण हजारभर मिलिमीटरवर कोल्हापूर शहर. आणखी पूर्वेला शिरोळात गेलं की पाऊस पाचशेच्या आसपास येतो. एका जिल्ह्यात, दोनेक तासांच्या रस्त्यावर, दहापट फरक. असा फरक बघून एकोणिसाव्या शतकातले बरेच भूगोलकार म्हणत, जसा निसर्ग तसा माणूस. डोंगरात भात, नाचणी आणि गरिबी, माळावर ज्वारी आणि काटकपणा. हा झाला निसर्गवाद. पुढं फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश आणि त्यांच्या शिष्यांनी त्याला हरकत घेतली. निसर्ग शक्यता पुढ्यात ठेवतो, त्यातली कुठली उचलायची हे माणूस ठरवतो, असं त्यांचं म्हणणं. याला संभववाद म्हणतात.

कोल्हापूरनं यातली कुठली शक्यता उचलली, ते सांगायला दोन बांधकामं पुरेत. एक, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाहू महाराजांनी भोगावतीवर हाती घेतलेलं राधानगरी धरण. संस्थानाच्या तिजोरीला ते झेपणारं नव्हतं. काम मध्ये रखडलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचं दशक उजाडावं लागलं. धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबानं आपोआप उघडतात. "राधानगरीची किती दारं उघडली?" हा पावसाळ्यातला आमच्याकडचा रोजचा प्रश्न.

दुसरं बांधकाम दिसायला किरकोळ, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचं. नदीत ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे करायचे. पावसाळ्यात ते तसेच मोकळे सोडायचे, म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही अडत नाहीत. पाऊस ओसरला की खांबांच्या खाचांत फळ्या बसवायच्या, ज्यांना इथं बरगे म्हणतात. दोन रांगांच्या फळ्यांमध्ये माती ठासायची, की मागं पाणी तुंबतं. उन्हाळा संपता संपता बरगे काढून घ्यायचे. ना मोठा कालवा, ना गाव उठवायची गरज. शिवाय वरून रस्ता जातो तो वेगळा. काठावरच्या शेतकऱ्यांनी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या, इंजिनं आणि पुढं मोटारी बसवल्या आणि पाणी मैलोन्‌मैल माळावर चढवलं. ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. उसापाठोपाठ गुऱ्हाळं, कारखाने, इंजिनं दुरुस्त करणारी वर्कशॉप आणि त्यांना सुटे भाग ओतून देणाऱ्या फाउंड्र्या आल्या. शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीतल्या ओतीव लोखंडाच्या धंद्याचं मूळ शोधत गेलात, तर निदान एक मुळी शेताच्या बांधावरच्या इंजिनापाशी निघते.

निसर्गानं हे मुकाट्यानं सोसलं असंही नाही. शिरोळ तालुक्यात वर्षानुवर्षं पाटापाटानं पाणी दिल्यामुळे कित्येक शेतं क्षारपड झाली. पांढरी बुरशी धरल्यासारखी माती, आणि त्यात उसाचा बुंधासुद्धा धरत नाही. आता तिथं जमिनीखाली छिद्रांचे पाइप घालून पाण्याचा निचरा करतात. शंभर वर्षांपूर्वी पाणी आणण्याचा खटाटोप होता, आता ते काढून टाकण्याचा आहे. संभववादाच्या पाठ्यपुस्तकात ही बाजू जरा त्रोटकच येते.

त्या फळ्यांच्या बंधाऱ्याची पुढची गोष्टही भूगोलातच मोडते. नवी गोष्ट एका ठिकाणाहून दुसरीकडं कशी पसरते, याचा पद्धतशीर अभ्यास स्वीडनच्या टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांनी १९५३मध्ये मांडला. त्याला प्रसरण म्हणतात. शेतकरी नवं काही करतो ते बहुधा शेजाऱ्याचं बघून. त्यामुळे पसरण्याची वाट पाण्यावरच्या तेलासारखी असते, आधी जवळ आणि मग लांब. कधी मात्र ती वरून खाली उतरते. मोठ्या कचेरीत नकाशा मंजूर होतो आणि एकदम दूरच्या तालुक्यात बांधकाम उभं राहतं. आमच्या बंधाऱ्यानं दोन्ही वाटा घेतल्या. पंचगंगेच्या खोऱ्यात तो बघून बघून पसरला. राज्यभर गेला तो पाटबंधारे खात्याच्या फायलीतून, 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावानं. मराठवाड्यातला शेतकरी त्याला नुसतं 'केटी' म्हणतो. त्यातला 'के' कुणाचा, हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नाही.

सगळ्याच गोष्टी इतक्या सरळ पसरत नाहीत. तांबडा-पांढरा रस्सा पुण्या-मुंबईला गेला तो माणसांबरोबर. खानावळ काढणारा इथला होता, मसाला घरचा होता. पण देशभरच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा जो लालभडक पदार्थ मिळतो, त्याचा प्रवास निराळा आहे. तिथं फक्त नाव गेलं आणि नावाला जी ख्याती चिकटली होती ती गेली. कोल्हापूरच्या एकाही आजीला तो पदार्थ ओळखता येणार नाही. पांढरा रस्सा तिखटजाळ नसतोच, हे मी बाहेरच्या पाहुण्यांना किती वेळा समजावलं असेल!

परत हद्दीकडं येतो. भूगोलकार प्रदेशाचे ढोबळ तीन प्रकार करतात. एक, औपचारिक. सरकारनं आखलेला किंवा एखादा गुण सगळीकडं सारखा असलेला. कोल्हापूर महापालिकेची हद्द हा असा प्रदेश, क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत त्यात साडेपाच लाखांच्या जवळपास माणसं होती. १९७२मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण पुढची कित्येक दशकं हद्द होती तेवढीच राहिली. हद्दवाढ हा आमच्याकडचा न संपणारा विषय. शहरातले म्हणतात, आमचं पाणी, आमचे रस्ते, आमची केएमटीची बस वापरता, मग आत या. गावं म्हणतात, आत आलो तर घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षणं पडतील आणि ग्रामपंचायत जाईल. मोर्चा इकडून निघतो, गाव बंद तिकडं होतो. २०१७मध्ये मधला मार्ग म्हणून भोवतालच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. मला यात दोघांचंही म्हणणं पटतं आणि म्हणूनच हा वाद चर्चेनं मिटेल असं वाटत नाही. दोघं भांडतात ती एकाच रेषेवरून. पण एकाच्या डोळ्यापुढं असते रोजची ये-जा आणि दुसऱ्याच्या डोळ्यापुढं सातबारा.

रोजच्या ये-जा करण्यातून जो प्रदेश तयार होतो, तो दुसरा, कार्यात्मक प्रदेश. १९३३मध्ये वाल्टर क्रिस्टालर यांनी दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून केंद्रस्थान सिद्धान्त मांडला. मीठ-मिरचीला माणूस लांब जात नाही, बस्त्याला जातो. साध्या तापाला गावातला डॉक्टर पुरतो, हृदयाच्या ऑपरेशनला मोठं शहर लागतं. म्हणून छोटी केंद्रं खूप आणि जवळजवळ, मोठी थोडी आणि लांब लांब. क्रिस्टालर यांच्या आकृतीत हे सगळं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं षटकोनी दिसतं. प्रत्यक्षात मध्ये घाट आले, नदी आली की षटकोन मोडतो, पण तर्क टिकतो. लक्ष्मीपुरीतल्या रविवारच्या बाजारात भाजी घेऊन येणारी बाई आणि सीपीआर दवाखान्याच्या बाहेर कोकणातून आलेल्या पेशंटबरोबर थांबलेला भाऊ, दोघंही एकाच केंद्राकडं ओढले गेलेत, फक्त निरनिराळ्या अंतरांवरून. वॉल्डो टोबलर या अमेरिकी भूगोलकारानं १९७०मध्ये हीच गोष्ट एका नियमात सांगितली. सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्याचा लांबच्यापेक्षा जास्त.

केंद्र मोठं झालं की त्याचा प्रदेशही फुगतो. याचं ताजं उदाहरण न्यायालयाचं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात व्हावं, यासाठी इथले वकील चार दशकांहून अधिक काळ झगडत होते. ऑगस्ट २०२५मध्ये ते सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले गेले. सावंतवाडीच्या पक्षकाराला मुंबईऐवजी आंबोली घाट चढून यायचं आहे. पोसायडनच्या वाटेनं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

तिसरा प्रदेश लोकांच्या मनातला. त्याला रेषाच नसते, पुसट कडा असतात. "कुठं गेल्तास रं?" हे विचारणं जिथवर ऐकू येतं, 'लई भारी' जिथवर कौतुक म्हणून चालतं आणि अनोळखी माणसालाही 'भावा' म्हटलं तर तो वळून बघतो, तिथवर हे कोल्हापूर. त्याची कडा कागल ओलांडून कर्नाटकात शिरते. निपाणीत बोलली जाणारी मराठी आणि कागलातली मराठी यांच्यात तुम्हाला सुईचं टोक घालता येणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा निपाणी, बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. कागदावर रेघ स्पष्ट आहे. पण सोयरिकी त्या रेघेला विचारून होत नाहीत. ई. जी. रेव्हनस्टाइन यांनी १८८५मध्ये लंडनमध्ये स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच्या जवळच स्थलांतर करतात, आणि जवळच्या अंतरात बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात, असं त्यांनी नोंदवलं होतं. आपल्याकडं याचं कारण शोधायला लंडनला जायला नको. लग्न होऊन सासरी जाणं, हे जनगणनेतलं बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यांत मोठं कारण. गडहिंग्लजच्या कुठल्याही घरात माहेर-सासर-आजोळ मोजलंत, तर दोन्ही राज्यांची नावं येतील आणि मामाला दोन्ही भाषा येत असतील.

चपलेनं तर हे सरकारदरबारी मान्य करून घेतलं. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते एकट्या कोल्हापूरला मिळालं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून मिळालं. मुळात अथणीच्या कारागिराचा हात आणि कापशीचा घाट याशिवाय ही चप्पल पुरी होतच नाही. नाव मात्र कोल्हापूरचं, कारण माल इथल्या बाजारातून बाहेर गेला. वस्तू जिथं बनते तिथलं नाव तिला मिळतंच असं नाही, ती जिथून विकली जाते तिथलं मिळतं. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा इथं जो संताप झाला, तो अगदी रास्त होता. त्यात अथणीचं नाव आपणही फारसं घेत नाही, हे मात्र त्या गदारोळात कुणाला आठवलं नाही.

माणसांच्या जाण्या-येण्यात ओढ आणि रेटा असे दोन शब्द वापरतात. पश्चिमेच्या डोंगरी तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत माणसं गेली ती दोन्हींमुळे. गावात चार महिन्यांचं भात आणि मुंबईत बारा महिन्यांचा पगार. मुंबईकर मंडळींची वर्गणी आली की देवळाला कळस चढायचा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, लांबत गेला, आणि किती जणांना ट्रंक घेऊन गावी परतावं लागलं, त्याचा हिशेब त्या गावांनी मनात ठेवलाय. त्याच वेळी उलट्या दिशेची एक वाट वाहतीच होती, आजही वाहते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडची कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमधून ऊसतोडीला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई निम्मा कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे फडात शिरायचं, मोळ्या बांधायच्या, मुलं बांधावर. ज्या जिल्ह्यानं स्वतःची पोरं मुंबईला धाडली, त्याच जिल्ह्याचा ऊस तोडायला दुसऱ्या जिल्ह्याची माणसं येतात. ओढ आणि रेटा हे शब्द बरोबर आहेत, पण ते ऐकताना चुंबक आणि लोखंडाचा किस वाटतो. फडातली उचल हा त्या दोन्हींत न बसणारा तिसरा प्रकार आहे. आलेल्याला परत जाऊ न देणारा.

आणि एक स्थलांतर असं, की जे कुठल्याच नियमात बसत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेनं पोलंडमधल्या लाखो लोकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हाकलून दिलं. त्यातून सुटलेले काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यातल्या सुमारे पाच हजार जणांची, बहुतांशी बायका आणि मुलांची, सोय कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथं झाली. १९४३ ते १९४८ ही पाच वर्षं वळिवड्यात पोलिश शाळा होती, चर्च होतं, नाटकं होत होती. बर्फातून आलेली मुलं पंचगंगेच्या खोऱ्यातल्या उन्हात वाढली. युद्ध संपल्यावर ती जगभर पांगली. तोवर फाळणी झाली होती. त्याच जागेवर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली आणि त्या वसाहतीचं गांधीनगर झालं. आज ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. कोकणातून आणि उत्तर कर्नाटकातून लग्नाच्या खरेदीला आलेली माणसं "कोल्हापुरात बस्ता बांधला" म्हणतात. प्रत्यक्षात गांधीनगर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. पोलंडच्या वॉर्सा शहरात या छावणीचं स्मारक आहे आणि कोल्हापुरात महावीर उद्यानात तिची आठवण जपणारा स्तंभ. कोल्हापूरची एक कडा म्हणजे वॉर्सातला तो दगड, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

नुसती जागा आणि आपली जागा यांत फरक काय, यावर यी-फू तुआन या भूगोलकारानं पुस्तकं लिहिली. १९७४च्या त्यांच्या ग्रंथाचा विषयच मुळी माणसाची जागेवरची माया हा होता. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत वाढलेल्याला ते पुस्तक वाचावं लागत नाही. इथं तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा हौदा नव्हे. गणपती तालमीचा, वर्गणी तालमीची, भांडण सोडवायला तालमीतलीच वडीलधारी माणसं. आणि फुटबॉलची टीमही तालमीची. लाल मातीतल्या या शहरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या नावांनी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे सामने होतात. इंग्लंडहून आलेला खेळ आणि पेठेची अस्मिता यांची अशी सोयरीक देशात फार ठिकाणी झालेली नाही. राजारामपुरीत मात्र पत्ता गल्लीच्या क्रमांकानं सांगतात, पहिली, पाचवी, नववी, कारण ती आखून वसवलेली. वाकड्या बोळांची पेठ आणि सरळ गल्ल्यांची पुरी. संस्थानाच्या दोन काळांचे हात शहराच्या अंगावर असे शेजारी शेजारी दिसतात. कार्ल सॉअर यांनी १९२५मध्ये सांस्कृतिक भूदृश्य ही कल्पना मांडली, ती हीच. मातीवर उमटलेली माणसांची खूण.

जागेची ही माया कधी कधी अंगावर येते. पाच नद्यांचा संगम होतो त्या प्रयाग चिखलीला आणि शेजारच्या आंबेवाडीला पुराचा वेढा आधी पडतो. तिथल्या लोकांना उंचावर, सोनतळीला जागा दिली गेली. तरी नदीकाठचं गाव सुटलं नाही. गोठा इथं, रान इथं, थडगी-समाध्या इथं, आणि पाणी काय, आठ दिवसांत उतरतं. बाहेरच्याला हा हट्ट वाटतो. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी पूररेषा असते, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल असते शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीपाशी बुडाला आणि कोल्हापूर कित्येक दिवस बेट होऊन राहिलं. अवघ्या दोन वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, पुन्हा तेच. शंभर वर्षांच्या हिशेबाला नदीनं काही किंमत दिली नाही. निळ्या रेषेच्या आत प्लॉट पाडणाऱ्यांनीही दिली नव्हती.

राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. जुलै लागला की या दोन आकड्यांवर शहर श्वास घेतं. पुण्यात, ठाण्यात, बंगळूरला, दुबईत बसलेला आमच्याकडचा माणूस सकाळी उठून आधी घरी फोन लावतो. तब्येत, पोरांची शाळा, पेन्शन हे सगळं नंतर. पलीकडून आईनं फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

"किती फुटांवर आलंय?"

"एकेचाळीस. अजून वाढतंय म्हणत्यात. तू जेवलास का?"